उजेडात मारलेला होल्टा

दत्ता,

काल तुझ्या पडवीत टीव्ही आणून ठेवला. ओरडू नकोस. "पाहुण्यांनी इथे येऊन रातकिडे ऐकायचे, बातम्या नाही," असं म्हणत चार वर्षं तू घरात खोका येऊ दिला नाहीस. त्यावरून आपण एकदा भर रस्त्यात जीप थांबवून भांडलो होतो. संध्याकाळी पाहुण्यांना विरंगुळा हवा, असं माझं म्हणणं. तू म्हणालास, "गण्या, तुला कंटाळा येता म्हणून त्यांना टीव्ही?" ते भांडण काल मी जिंकलो. लांज्याहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने घेतला, गोधडीत गुंडाळून आणला आणि हार घातलेल्या तुझ्या फोटोशेजारी स्टुलावर ठेवला. असलं जिंकणं वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

कॅसेट मुंबईहून आली. डिसेंबरात मोठा कॅमेरा घेऊन आलेला तो पाहुणा आठवतो ना, त्याने पाठवली. पाकिटावर तुझंच नाव. आत चिठ्ठी, की शूटिंग झकास झालंय, पुढच्या वर्षी आणखी मित्रांना घेऊन येतो. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊकच नाही. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू बेशुद्ध झालास आणि चौथ्या दिवशी गेलास, हे त्याला कोण कळवणार? वहिनी ते पाकीट पदराखाली धरून माझ्या दारात आली. म्हणाली, "भावोजी, ह्यांना एकदा हलताना-बोलताना बघायचा हाय. कायतरी करा."

मी हो म्हणालो. आणि ती वळल्याबरोबर मला वाटलं, ही कॅसेट इथेच पायरीवर ठेवावी आणि दगडाने ठेचावी. फीत ओढून काढावी, चुलीत घालावी, आणि सांगावं की खराब निघाली. कारण तू ज्या लाकडाने गेलास ते लाकूड त्या कॅसेटमध्ये आहे. ते कुणाच्या हातातून सुटलं तेही आहे. गावात हे कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे विचारत नाहीत.

आपला शिमगा पाहुण्यांना सांगताना तू फार गोड करून सांगायचास. मी आहे तसा सांगतो. वरची वाडी आणि खालची वाडी देवळामागच्या शेतात समोरासमोर उभी राहते. होमातली जळती लाकडं उचलायची आणि समोरच्यांवर फेकायची. हे होल्टे. ढोल थांबेपर्यंत फेकत राहायचं. बांधावरून, पाण्यावरून, सोयरिकीवरून वर्षभर जो राग साठतो, तो तिथे जाळून यायचं. नियम मोजकेच. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय होल्टा उचलायचा नाही. पुरता काळोख पडल्याशिवाय फेकायचा नाही. कमरेच्या वर मारायचा नाही. ढोल थांबला की समोरच्याला मिठी मारायची. आणि ज्याला लागला त्याने कुणाचा म्हणून विचारायचं नाही, ज्याने मारला त्याने सांगायचं नाही. होल्ट्याला नाव नसतं. तू खालच्या वाडीचा, मी वरच्या वाडीचा, म्हणजे मिसरूड फुटल्यापासून दर शिमग्याला आपण एकमेकांसमोर.

दहावीच्या वर्षी एक होल्टा माझ्या डाव्या पोटरीवर बसला. कातडी सोलून निघाली. महिनाभर मी लंगडत शाळेत गेलो आणि महिनाभर तू माझं दप्तर उचललंस. मला वाटायचं, मित्र असावा तर असा. पुढे बारा-पंधरा वर्षांनी तू मुंबईची नोकरी सोडून आलास, आपण डोहात पोहत होतो, माझी पोटरी बघून तू सहज म्हणालास, "गण्या, तो माजा होता." मी तुझी मान धरून तुला पाण्याखाली दाबलं. गंमत म्हणून नाही. नाकातोंडात पाणी जाऊन तू हातपाय झाडायला लागलास तेव्हा सोडलं. मारलास त्याचा राग नव्हता, नाव घेतलंस त्याचा होता. "सांगायचा नसतो तर सांगितलास कशाला?" म्हणून मी ओरडलो. तू खोकत खोकत म्हणालास, "दप्तर उचलून उचलून खांदा दुखला रे माजा." मग आपण काठावर बसून इतके हसलो की पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका बघायला लागल्या.

त्याच वर्षी रेल्वे सुरू झाली. तू पडवीला लागून दोन खोल्या बांधल्यास, दारात पाटी लावलीस, 'निसर्ग आणि संस्कृती पर्यटन'. मी म्हटलं, कोण येणार आपल्या गावात दगड बघायला? आले. पावसाळ्यानंतर सड्यावरच्या कातळातली फुलं बघायला आले, देवराईत पक्षी बघायला आले, वहिनीच्या हातची कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी खायला आले. मी रत्नागिरी स्टेशनवरून त्यांना जीपने आणायचो. धंदा दोघांचा, असं तूच देवळात नारळ ठेवून म्हणाला होतास. हे मी मुद्दाम लिहितोय, पुढे लागणार आहे.

स्टेशनबाहेरचा तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी परक्या गावचा, येऊन सरळ पाहुणे उचलून न्यायचो, ते तिथल्या गाडीवाल्यांना खुपत होतं. चौघांनी मला गाडीतून ओढलं. एकाने केस धरले, एकाने गुडघा पोटात घातला, दोन दात तिथेच गटारात गेले. लोक बघत उभे होते. आणि तू, ज्याला सगळे पांढरपेशा म्हणून चिडवायचे, पाहुण्यांची बॅग खाली ठेवून जीपमधली जॅकची दांडी घेऊन आलास. एकच घाव घातलास. त्या चौघांतल्या एकाचं मनगट मोडल्याचा आवाज मी जमिनीवर पडल्या पडल्या ऐकला. नंतर आठवड्याने तू एकटाच त्याच्याकडे गेलास, त्याच्याबरोबर चहा प्यायलास आणि गाड्यांच्या पाळ्या ठरवून आलास. मला असलं जमलं नसतं. मी पहिला घाव घातला असता आणि मग दुसराही.

हात तुझाही उठायचा, हे मी हल्ली स्वतःला सारखं सांगतो. देवराईतला तो शिकारी पाहुणा आठवतो? सामानात एअरगन लपवून आणली होती. धनेशाची मादी ढोलीत बसलेली, ढोलीचं तोंड लिंपलेलं, नर चोचीतून फळं आणून त्या फटीतून तिला भरवायचा. तू पाहुण्यांना ते कुजबुजून दाखवत होतास, आणि त्याने नराला गोळी घातली. पक्षी पाचोळ्यात पडून फडफडला. तू बंदूक हिसकावलीस, जांभ्या दगडावर आपटून तिचे दोन तुकडे केलेस, आणि मग त्याला. मी म्हणजे गावातला नंबर एकचा तापट माणूस, आणि मला तुझी कंबर धरून तुला मागे ओढावं लागलं. त्याचं नाक फुटलं होतं. पुढे कितीतरी दिवस तू त्या झाडाखाली जाऊन बसायचास. ढोलीतून आवाज येईनासा झाला त्या दिवशी जेवला नाहीस. तुझा हात दुसऱ्यासाठी उठायचा. माझा माझ्या नाकावरच्या रागासाठी उठतो. एवढाच काय तो फरक, पण तेवढ्या फरकानेच घात केला.

आणि अशा माणसाने शिमग्याचा खेळ डिसेंबरात लावायचा ठरवला! मी तुला तेव्हा काय काय बोललो. विकाऊ म्हणालो. देवाला नाचवतोस म्हणालो. तू शांतपणे म्हणालास, "गण्या, पोरं सगळी मुंबईला गेली. शिमग्याला होल्टा धरायला दर वर्षी चार हात कमी होतात. बाहेरचे बघायला येतील तर आपले पण येतील. बघतील तर टिकंल." मी म्हणालो, "दाखवायला लागलास की संपला." हे भांडण आपलं मिटलं नाही अजून. कधी कधी वाटतं तुझंच खरं होतं. माझं बरोबर ठरलं ते मी ज्या रीतीने ठरवलं, त्यावर थुंकावंसं वाटतं.

मानकरी बाबूकाकांकडे आपण दोघं गेलो होतो. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. "गाऱ्हाना घातल्याबिगर होल्टा उचलायचा नाय," म्हणाले. "आन उजेडात तर नायच नाय. काळोखात होल्टा दिसता रे बाबा, कसा येता, कुठून येता. माणूस बाजूला होता. उजेडात आग दिसत नाय, नुसता लाकूड येता." तू मान डोलावलीस. पण कॅमेरावाल्याने सांगितलं होतं की अंधारात फिल्मवर नुसते ठिपके येतात, माणसं दिसत नाहीत. म्हणून सूर्य बुडायच्या आधी ठरलं. काकांनी गाऱ्हाणं घालायला नकार दिला आणि ते घराबाहेर पडले नाहीत. लाकडं ओली होती, त्यांवर रॉकेल ओतलं. ढोलवाला दुसऱ्या गावचा. हे सगळं मला दिसत होतं, आणि तरी मी वरच्या वाडीच्या रांगेत उभा राहिलो. तू बोलावलंस म्हणून.

पहिल्यांदा फेकाफेकी झाली तेव्हा सगळे लाजत होते. होल्टे मधेच पडत होते. कॅमेरावाला ओरडला, "एकदा परत! जरा जोरात!" तू दोन्ही हात वर करून आमच्याकडे बघत म्हणालास, "हसू नका रे, ओरडा." मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. पोरासोरांच्या गॅदरिंगसारखं चाललं होतं. माझ्या अंगाची लाही होत होती. मधल्या वेळात मी पुढे येऊन तुला म्हणालो, "दत्ता, पुरे कर." पाहुण्यांमधल्या एका बाईने विचारलं, हे कोण? आणि तू हसत म्हणालास, "हा आमचा ड्रायव्हर. जरा तापट आहे."

सगळे हसले. तूही हसलास.

ड्रायव्हर. चार वर्षं. देवळातला नारळ. गटारातले माझे दोन दात. मला माहीत आहे, तू बोलण्याच्या ओघात बोललास, पाहुण्यांना सोपं पडावं म्हणून. आज माहीत आहे. तेव्हा डोक्यात तिडीक गेली ती गेली. मी रांगेत परत गेलो आणि सगळ्यांत जड होल्टा उचलला, मनगटाएवढा, टोकाला गाठ असलेला. तू समोर खालच्या वाडीच्या रांगेत. ढोल सुरू झाला. कमरेच्या वर मारायचा नाही, हे माझ्या हाताला वीस वर्षं पाठ आहे. मी खांद्याच्या वरून फेकला. नेम धरून फेकला, दत्ता. तुझ्या त्या हसणाऱ्या तोंडावर.

कानशिलावर बसला. तू मागे गेलास आणि शेताच्या दगडी गडग्याच्या कोपऱ्यावर डोकं आपटून खाली पडलास. पण लगेच उठलास. कपडे झटकलेस. पाहुण्यांना म्हणालास, "काही नाही, काही नाही, असंच असतं." ढोल थांबला. नियमाप्रमाणे तू माझ्याकडे चालत आलास, कानशिलावर काजळी, आणि मला मिठी मारलीस. माझ्या कानाशी तोंड आणून विचारलंस, "बरोबर बसला रे. कुणाचा होता?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

तू माझ्या पाठीवर दोनदा थोपटलंस आणि पाहुण्यांना जेवायला घेऊन गेलास. स्वतः वाढलंस. जेवून ते रात्रीच्याच गाडीने मुंबईला गेले. डोकं दुखतंय म्हणून लवकर पडलास. सकाळी वहिनीने हाका मारल्या, तू उठला नाहीस. तिच्या मांडीवर तुझं डोकं, मी जीप रत्नागिरीपर्यंत हॉर्न दाबूनच नेली. एरवी तू खेकसायचास, "हॉर्न कमी वाजव, पक्षी उडतात." त्या दिवशी मला वाटत होतं, एकदा तरी खेकस. गावाने सांगितलं की पळताना पाय घसरला आणि गडग्यावर पडला. मीही तेच सांगितलं. बाबूकाका तेवढे माझ्याकडे बघत राहिले.

काल दुपारी दारं ओढून घेऊन मी कॅसेट लावली. वहिनी जमिनीवर बसली, मी उंबऱ्याशी. आधी सड्यावरचं शूटिंग होतं, तू गवतात वाकून कसलं तरी फूल दाखवत होतास. तुझा आवाज आला तशी वहिनीने तोंडावर पदर घेतला, पण डोळे उघडे ठेवले. मग देवळामागचं शेत आलं. पिवळा उजेड, माणसं स्पष्ट. काका म्हणाले होते तसंच, आग दिसत नव्हती. पहिलं फेकणं, दुसरं, तिसरं. बाईचा आवाज आला, तुझा आवाज आला, ड्रायव्हर, हशा. मग ढोल. चित्राच्या डाव्या कडेला मी. हात खांद्याच्या वर.

आणि तू माझ्याकडेच बघत होतास.

हे मला ठाऊक नव्हतं, दत्ता. मला वाटत होतं तू पाहुण्यांकडे वळलेला होतास. नाही. तू माझ्याकडे बघत होतास, तुझं हसू मावळत होतं, तू तोंड उघडून काहीतरी म्हणायला लागला होतास. माझं नाव असावं. सॉरी असावं. ढोलात ऐकू येत नाही. होल्टा माझ्या हातातून सुटलेला तू पाहिलास, दिवसाउजेडी, स्वतःच्या डोळ्यांनी. आणि तरी उठून माझ्याकडे आलास आणि विचारलंस, कुणाचा होता. तुला उत्तर नको होतं. मला सांगायची वाट करून दिली होतीस, डोहात तू स्वतः सांगितलं होतंस तशी. आणि मी काय म्हणालो, तर कुणास ठाऊक.

कॅसेट संपली, पडद्यावर मुंग्या आल्या. वहिनी पाठमोरीच म्हणाली, "मिठी मारलानी तेवा कानात काय सांगितलानी तुमच्या?"

ढोलाखाली तेही ऐकू आलं नव्हतं. मी काहीही सांगू शकलो असतो. पोरांना सांभाळ म्हणाला, वहिनीला जप म्हणाला. तिला आयुष्यभर पुरलं असतं. मी म्हणालो, "विचारलान, कुणाचा होता."

"मग?"

"म्हटलं, कुणास ठाऊक. पण वहिनी, तो होल्टा..."

"मला डोळे हायत, भावोजी."

ती उठली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. सगळी ताकद लावून. मग दुसरी. माझा ओठ फुटला. मी हात खाली ठेवून उभा राहिलो. ज्याने जन्मभर कुणाचा धक्का सहन केला नाही तो मी, मनात म्हणत होतो, मारा वहिनी, दांडी आणा आणि मारा. तिसऱ्यांदा तिने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. म्हणाली, "मला काय सांगताव? विचारला त्यांनी होता. त्यांना सांगा जावा. आन सांगितल्याबिगर ह्या पडवीत पाय ठेवू नका."

म्हणून लिहायला बसलोय. देवळामागच्या शेतात, गडग्याला टेकून, तुझ्याच माहितीपत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्या दिवसाची अर्धवट जळलेली लाकडं अजून इथेच पडली आहेत. गाठीचं ते मला लांबूनच ओळखू आलं. उद्या बाबूकाकांना सांगीन, मग चौकीवर जाईन. ते पुढचं पुढे. आधी तुझं उत्तर राहिलंय. होल्ट्याला नाव नसतं म्हणून मी एकदा तुला पाण्यात बुडवलं होतं. तू खोकत होतास, हसत होतास, आणि खरं बोलून मोकळा झाला होतास.

कुणाचा होता म्हणून विचारलंस ना?

दत्ता, तो माजा होता.